खेळ हवा, पण तो कट्टा नको

आमची धाकटी बहीण परवा म्हणाली, "दादा, पोरगं मोबाईलवर खेळतं त्याचं मला काही नाही. पण खेळून उठलं की तोंड पडलेलं असतं. खेळून माणूस खूश व्हायला नको का?"

प्रश्न आम्हांला एकदम पटला. खेळाने डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, या तक्रारी घरोघरी ऐकतो. पण खेळूनही पोरगा खूश का नाही, हे विचारणारी आई आम्हांला पहिल्यांदाच भेटली.

भाचा १७ वर्षांचा, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिकतो. वडील सफाई खात्यात पहाटेच्या पाळीला, आई शाळेत खिचडी शिजवायला जाते. मोबाईल हप्त्यावर घेतलेला, अजून चार हप्ते बाकी. त्यावर तो बीजीएमआय खेळतो. हा खेळ म्हणजे पूर्वीच्या पबजीचा भारतातला अवतार. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली, २०२१ मध्ये नव्या नावाने खेळ आला, २०२२ मध्ये पुन्हा उतरवला गेला आणि २०२३ मध्ये परत आला. परतताना १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. मेहुण्यांना वाटत होते हा जुगारच. तसे नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, तो प्रकार वेगळा. इथे शंभर जण एका बेटावर उतरतात, चौघाचौघांच्या टोळ्या करून लढतात आणि शेवटी उरेल ती टोळी जिंकते. एकमेकांना सांभाळून खेळावे लागते. भाच्याने आम्हांला तासभर समजावून सांगितले, आणि सांगताना त्याचे तोंड मुळीच पडलेले नव्हते.

मग अडते कुठे? चार गडी जमवायला मुले डिस्कॉर्ड नावाच्या ॲपवर जातात. तिथे मोठमोठे कट्टे असतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. भाचा ज्या कट्ट्यावर होता तिथे खेळाचे बोलणे थोडे आणि मीमच फार. मीम म्हणजे तेच ते चित्र घ्यायचे आणि त्यावर नवे शब्द टाकायचे. शब्द जुना आहे, रिचर्ड डॉकिन्स या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये तो बनवला. नकलेनकलेने माणसामाणसांत पसरत जाणारी कल्पना, असा त्याचा अर्थ. त्यातली गंमत कळायला आधीची दहा मीम पाहिलेली असावी लागतात. ती न पाहिलेल्याला काही कळत नाही, आणि विचारले तर पुढचे मीम त्याच्यावरच बनते. कुणी चुकून आधी मेला की त्याचा फोटो, कुणाचा मोबाईल स्वस्तातला म्हणून त्याचा फोटो. भाच्याचा मोबाईल मध्येच अडकतो, त्यावरूनही झाले.

आम्ही विनोदाच्या विरुद्ध नाही. भीमराव कर्डकांच्या जलशातही लोक पोट धरून हसत. पण एखाद्या ठिकाणची थट्टामस्करी आपल्याला रुचत नसेल तर तो आपला दोष नव्हे. भाच्याला वाटत होते, 'मलाच विनोद कळत नाही, मीच मागासलेला.'

पुढचे त्याने बऱ्याच वेळाने सांगितले. एप्रिलमध्ये, चौदा तारखेच्या आसपास, त्या कट्ट्यावर आरक्षणावरची मीम सुरू झाली. काय होते ते इथे लिहीत नाही, वाचकांना सांगायची गरज नाही. आम्ही विचारले, "मग तू काय केलंस?"

तो खाली बघून म्हणाला, "मामा, मीपण हसरा चेहरा टाकला. सगळ्यांनी टाकला होता."

खोलीत कुणी काही बोलले नाही. मग आम्ही त्याला आमची गोष्ट सांगितली. साल १९९०, मंडलचा गाजावाजा चाललेला, आम्ही एका कारखान्यात शिकाऊ. चहाच्या सुट्टीत मुकादमाने सरकारी जावयांवरचा विनोद सांगितला. सगळे हसले. चहाचा ग्लास हातात धरून आम्हीही हसलो. तो ग्लास आजही आठवतो. हे आम्ही घरी कुणाला सांगितले नव्हते. बहिणीनेही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले.

त्यानंतर मामा-भाच्याने मोबाईल मध्ये ठेवून काय करता येईल ते पाहिले. आधी आम्ही म्हटले, सोडून दे तो कट्टा. तो म्हणाला, तिथे एक मुलगा आहे, त्याने नेम कसा धरायचा ते शिकवले, मोबाईल तापतो त्यावर उपाय सांगितला. सगळेच वाईट नाहीत. आमचा सल्ला घाईचा होता.

डिस्कॉर्डवर कट्ट्यातल्या एकेका खोलीचा, म्हणजे चॅनेलचा, आवाज वेगळा बंद करता येतो. मीमची खोली म्यूट केली, गडी जमवायची खोली चालू ठेवली. फक्त आपले नाव घेतले तरच मोबाईल वाजेल, अशीही सोय आहे, ती लावली. दोघा जणांना ब्लॉक केले. खेळतानाही अनोळखी गड्यांचा आवाज बंद ठेवता येतो. शत्रू कुठे आहे ते नकाशावर खूण करून किंवा तयार संदेश पाठवून सांगता येते, बोलावेच लागते असे नाही. हे आम्हांला ठाऊकच नव्हते. भाच्याला ठाऊक होते, पण आवाज बंद केला तर आपल्याला भित्रा म्हणतील असे वाटून तो करत नव्हता.

महिनाभर असे चालले. मग एका दिवशी त्याने स्वतःच तो सर्व्हर सोडला. सोडण्यापूर्वी एप्रिलच्या त्या चित्रांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला आम्ही सांगितले होते, कारण बाहेर पडल्यावर तिथले काही दिसत नाही. जातीवरून अपमान करणारा ऑनलाइन मजकूरही १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तक्रार करायची की नाही ते भाच्याने अजून ठरवलेले नाही. आम्ही घाई करत नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये असाच त्रास असेल त्यांच्यासाठी सांगतो, २०२२ पासून ग्रुप सोडला तर सूचना फक्त ॲडमिनला जाते, सगळ्यांसमोर दवंडी पिटली जात नाही.

सर्व्हर सोडल्यावर दोन आठवडे त्याला कुणी विचारलेही नाही. नेम शिकवणाऱ्या मुलानेही नाही. हे त्याला लागले, आणि ते आम्ही लपवत नाही. त्या दिवसांत तो बुद्धिबळ खेळत होता. लिचेस नावाचे एक ठिकाण आहे, फुकट, जाहिराती नाहीत, आणि समोरच्याशी गप्पा मारायची खिडकीच बंद करून टाकता येते. पण बुद्धिबळ त्याला फार रमवेना. चौघांच्या खेळाची चटक ती वेगळी.

याच काळात मेहुण्यांनी मोबाईल काढून घ्यायचे मनात आणले होते. बहिणीने अडवले. मोबाईल गेला की कट्टा जाईल हे खरे, पण खेळही जाईल, आणि पुढच्या वेळी पोरगा काही सांगायला येणार नाही, असे ती म्हणाली. मेहुणे रात्री उशिरापर्यंत गप्प बसून होते. सकाळी पाळीला जाताना भाच्याला म्हणाले, "तुझा तो खेळ रविवारी दाखव मला."

मग आयटीआयमधले दोघे आणि शेजारच्या चाळीतला एक, अशी टोळी जमली. शेजारचा पोरगा अगदीच कच्चा आहे, उतरल्या उतरल्या मरतो. त्याच्यावर हसतात, पण तोच सगळ्यांत मोठ्याने हसतो.

परवा गेलो तर चौघे दारातच बसलेले. एकाची बॅटरी संपली होती, एकाच चार्जरवरून भांडण चालू होते. बहीण आतून म्हणाली, "दादा, दूध आणलंत का? आता रोज चौघांचा चहा करावा लागतो."