रस्त्याची रुंदी कोठपर्यंत मोजावी?

नसरापुराहून मार्गासनी, विंझर करीत वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यासारखा अरुंद आणि महामार्गाच्या तुलनेने तुरळक वाहतुकीचा रस्ता वन्यप्राण्यांना कितीसा अडवणार, असा प्रश्न रुंदीकरणाचे समर्थक विचारतात. बिबट्या तर रस्ता सहज ओलांडताना दिसतो, म्हणजे प्राण्यांनी जुळवून घेतले आहे, असे ते पुढे म्हणतात. आणि एवढ्यावरही कोणी शंका काढलीच तर त्याला डोंगरी माणसाच्या विकासाचा विरोधक ठरवून वाद मिटवतात. हा पूर्वपक्ष वरवर रास्त वाटतो, म्हणूनच तो तपासून पाहावा लागतो.

त्यातील पहिली चूक मोजमापाची आहे. सलग अधिवासाचे लहान, एकमेकांपासून तुटलेल्या तुकड्यांत रूपांतर होणे म्हणजे विखंडन, आणि ते डांबराच्या रुंदीने ठरत नाही. आवाज, उजेड, धूळ, कडेने शिरणारे तण आणि बदललेला पाण्याचा निचरा यांचा परिणाम रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जितका दूर पोचतो त्या साऱ्या पट्ट्याला रस्ता-परिस्थितिकीत प्रभावक्षेत्र म्हणतात. रिचर्ड फोरमन या अमेरिकी अभ्यासकाने २००० साली अशा पट्ट्यांची बेरीज करून अमेरिकेची सुमारे एक पंचमांश भूमी रस्त्यांच्या प्रभावाखाली असल्याचा अंदाज मांडला होता. विंझरच्या परिसरात तर भूरचनाच हा प्रभाव वाढवते. दक्षिणेला तोरणा-राजगडाची रांग, उत्तरेला पाबे घाटाने ओलांडली जाणारी रांग, आणि मधल्या चिंचोळ्या तळातून कानंद नदी व रस्ता शेजारी-शेजारी गेलेले. त्यामुळे उन्हाळ्यात वरचे झरे आटले की निदान एका बाजूच्या प्राण्यांना पाणी गाठण्यासाठी रस्ता ओलांडणे भागच पडते.

'तुरळक वाहतूक' हा मुद्दाही वर्षाच्या सरासरीपुरताच खरा आहे. पहिल्या पावसाबरोबर बेडूक, खेकडे आणि साप डोंगरउतार व भातखाचरे यांच्यामध्ये ये-जा करू लागतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत शनिवार-रविवारी तोरणा, राजगड आणि मढे घाट पाहायला येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. प्राण्यांचा सर्वांत मोठा वावर आणि वाहनांची सर्वांत मोठी गर्दी एकाच काळात येत असताना बारा महिन्यांची सरासरी सांगणे म्हणजे प्रश्नच नजरेआड करणे होय. शिवाय वाहतूक फार वाढली की पुष्कळ प्राणी रस्त्याजवळ येणेच टाळतात, तर मध्यम वाहतुकीच्या रस्त्यावर ते ओलांडण्याचे धाडस करतात आणि मरतात, म्हणून मेलेले प्राणी कमी दिसू लागले तरी तो सुधारणेचा पुरावा मानता येत नाही. कदाचित रस्त्याची भिंत पुरी झालेली असते.

बिबट्याचा दाखला तर मुळातच गैरलागू आहे. उसात, गावकुसाला, कुत्र्या-शेळ्यांवर जगू शकणाऱ्या प्राण्यावरून भेकर, खवले मांजर किंवा ओल्या पालापाचोळ्याखाली राहणारा देवगांडूळ यांच्याविषयी काही सिद्ध होत नाही. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंच व्याघ्रप्रकल्पात प्राणी पुलांखालून जातात हे खरे. परंतु ते त्यांनी आपसूक जुळवून घेतल्यामुळे नव्हे, तर न्यायालयीन लढ्यानंतर तेथे नऊ भुयारी मार्ग व पूल मुद्दाम बांधले गेल्यामुळे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अठरा जातींचे प्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. म्हणजे हे उदाहरण समर्थकांच्या नव्हे, उलट बाजूच्या उपयोगाचे आहे.

राहिला विकासविरोधाचा आरोप. रस्ताच नको, ही भूमिका पुण्यात बसून घेणे सोपे असले तरी ज्याला दूध वेळेवर पोचवायचे आहे किंवा बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचे आहे त्याच्यापुढे ती टिकत नाही, आणि टिकूही नये. मात्र रुग्णवाहिका आणि एसटी यांना लागणारा रस्ता आणि प्लॉटिंगवाल्याच्या जाहिरातीला लागणारा रस्ता हे दोन वेगळे आहेत. रस्ता रुंद झाला की त्यामागोमाग उतार फोडून केलेले सपाट तुकडे, फार्महाऊस, तारेची जाळी आणि रात्रभर जळणारे दिवे येतात. बेडकाला डांबर एखाद्या रात्री ओलांडता येते, पण भेकराला सलग कुंपण ओलांडता येत नाही. गंमत अशी, की रस्त्याच्या प्रस्तावात या कुंपणाचा उल्लेख कोठेच नसतो, कारण ते 'खासगी' असते.

म्हणून मागणी रस्ता थांबवण्याची नसून त्याची रुंदी कुंपणापर्यंत मोजण्याची असावी. ओढ्यांवरच्या मोऱ्या नळ टाकून उरकण्याऐवजी रुंद, चौकोनी आणि आत कोरडी कड राखलेल्या बांधल्या, तर पाण्याबरोबर प्राण्यांनाही वाट मिळते आणि पेंचसारख्या मोठ्या बांधकामाचा खर्च येत नाही. जेथे ओढा रस्त्याला छेदतो तेथे दोन्ही काठांवर कुंपण व बांधकाम वर्ज्य करणे, दोन्ही बाजूंच्या झाडांचे वर मिळालेले शेंडे न तोडणे आणि पावसाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचा वेग रोखणे, हे उपायही तालुक्याच्या आवाक्यातले आहेत.

कायदा मात्र याला भाग पाडत नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत २००९ साली झालेल्या दुरुस्तीने राज्यमार्गांच्या विस्तारासाठी पूर्वमंजुरीची अट १००० मीटरपेक्षा उंच डोंगराळ प्रदेशाला किंवा पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राला घातली. तोरण्याचा माथा १४०० मीटरच्या वर आहे, पण त्याच्या पायथ्याचा रस्ता त्या रेषेच्या बराच खाली राहतो. आणि पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०२४ मध्ये सहाव्यांदा प्रसिद्ध करावा लागला, यावरून दुसऱ्या अटीचे बळही कळते. राज्यमार्गांहून खालच्या दर्जाचे जिल्हामार्ग तर या चाळणीत येतच नाहीत, आणि डोंगरी तालुक्यांतील बहुतेक गावे जोडली जातात ती त्याच मार्गांनी.