शीड नंतर, आधी स्क्रूड्रायव्हर!

लडाखची बाइक राइड झाली, सह्याद्रीतले ट्रेक झाले, सालसाचा क्लासही अर्ध्यात सोडून झाला. पुढचं खूळ काय? जुनी शिडाची होडी घ्यायची आणि वीकेण्डला स्वतःच्या हाताने उभी करायची. हसू नका. १९८२च्या एशियाडमध्ये फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सोनं जिंकलं ते आपल्या मुंबईच्याच पाण्यात, 'फायरबॉल' नावाच्या छोट्याशा होडीतून.

नवशिक्यांनी मात्र 'एंटरप्राइज' शोधावी. जॅक होल्ट या ब्रिटिश डिझायनरने १९५६ मध्ये आणलेली ही दोघांची डिंगी. लांबी जेमतेम ४ मीटर, शिडं निळी, जुन्या होड्यांचं अंग प्लायवुडचं. हौशी माणसाला घरी बांधता येईल अशी तिची रचना, त्यामुळे दुरुस्तीही आवाक्यातली. (वन बीएचकेमध्ये नाही हं!)

अशी होडी स्वस्तात मिळते, कधीकधी फुकटही. तिथेच फसायला होतं. चकचकीत व्हर्निश बघून भुलू नका. खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवा आणि पावसाचं पाणी जिथे साचून राहतं तिथे हलकेच टोचा. डोलकाठीचा पाया, मधल्या पात्याच्या खोक्याची कड, मागच्या फळीचे कोपरे. टोक लोण्यासारखं आत गेलं तर लाकूड कुजलंय. त्यावर फायबरग्लास थापून मोकळं व्हायचा मोह होतो, पण ओल आतच कोंडते आणि कूज पसरत राहते. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं, मग 'आयएस ७१०' शिक्क्याच्या मरीन प्लायचं ठिगळ. पितळी स्क्रू गुलाबी दिसू लागले असतील तर खाऱ्या पाण्याने त्यांतलं जस्त खाल्लंय. बदलून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक शेवटी बघतात. होडीतल्या हवाबंद टाक्या. डिंगी उलटणारच, तो या खेळाचाच भाग आहे. उलटल्यावर ती आणि तिला धरून तुम्ही तरंगता ते या टाक्यांच्या भरवशावर. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, टाकीला नळी जोडून तोंडानेच हळू फुंका. बुडबुडा दिसला की तिथे गळती. कॉम्प्रेसर अजिबात नको, प्लायचे सांधे उकलतील. रंग कोणता द्यायचा ही चर्चा त्यानंतर करू.

इपॉक्सीचं तंत्र सोपं आहे, पण आपली हवा तिची वैरीण. रेझिन आणि हार्डनर कपभर एकदम कालवलं तर मुंबईच्या उन्हाळ्यात ते काही मिनिटांत तापतं, धूरही सोडतं. थोडंथोडं कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. दमट दिवशी सुकल्यावर वर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने घासून काढा, मगच पॉलिशपेपर. हातमोजे आणि मास्क हवेतच. इपॉक्सी ऊन सोसत नाही, तेव्हा वरून यूव्हीवालं व्हर्निश किंवा पेंट लागतंच.

म्हणूनच 'पावसाळ्यात होडी काठावर असते, तेव्हा करू' हा प्लॅन कागदावरच बरा. लाकूड ओलं, हवा ओली, चिकटवणार काय? चिकटवाचिकटवी एप्रिल-मेमध्ये सावलीत उरका. जून ते सप्टेंबर घरी बसून दोर बदला, फाटक्या शिवणी दुरुस्त करायला शीड द्या, कप्प्या घासूनपुसून ठेवा. एवढं सगळं एकट्याने? नव्वदेक किलोचं ते धूड नुसतं पालथं करायलाच चार जण लागतात, तेव्हा ग्रुपला आत्ताच पटवा. वडापाव तुमच्याकडून.

ऑक्टोबरात सीझन उघडला की पहिल्या दिवशी शीड उभारायची घाई नको. कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम आडवी पाडा, थोडा वेळ तशीच धरा, मग सरळ करून टाक्यांची झाकणं उघडा. आत कोरडं असेल तर लाइफजॅकेट घाला, सुकाणूवर शिकवणाऱ्याला बसवा आणि दुपारच्या वाऱ्याला निघा.