पडद्यावरील उड्डाण : पोरखेळ नव्हे, परवानाही नव्हे

ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटा विमान चालविण्यास शिकले आणि १९२९ साली परवानाधारक झाले, त्याच क्लबची विमाने धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर चढउतार करू लागल्यापासून, आणि शिरपूर व जळगाव येथेही हे शिक्षण सुरू झाल्यापासून, वैमानिक होण्याची आकांक्षा खानदेशातील सामान्य घरांत शिरली आहे. तिच्यासोबत एक वादही शिरला आहे. मुले संगणकावर सेसना १७२ उडवीत रात्र रात्र बसतात. वडीलधारे म्हणतात, हा निव्वळ पोरखेळ. मुले म्हणतात, पडद्यावर साधले ते आकाशात साधलेच, बाकी लाखांचे शुल्क हा केवळ सरकारी रिवाज. आम्हांस हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

पोरखेळ म्हणणाऱ्यांनी एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाची हकीकत अवश्य पाहावी. वडिलांच्या ऑर्गन बनविण्याच्या कारखान्यातील भाते आणि झडपा वापरून त्याने जमिनीवरच डोलणारे विमान तयार केले, तेव्हा त्याला प्रथम गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या उद्यानांचे. पुढे १९३४ साली टपाल वाहण्याची कामगिरी अमेरिकन लष्कराकडे आली, आणि ढगांत व धुक्यात केवळ उपकरणांच्या भरवशावर विमान हाकण्याचा सराव नसलेले अनेक वैमानिक प्राणास मुकले; तेव्हा त्याच वर्षी लष्कराने तीच खेळणी मागवून घेतली. आपल्याकडेही व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत उपकरणांवरील उड्डाणाचे जे १० तास असतात, त्यांपैकी ५ तासांपर्यंत मान्यताप्राप्त सिम्युलेटर कायद्याला चालतो. घरच्या संगणकाला ती मान्यता नाही, त्यावरील एक मिनिटही लॉगबुकात जमा होत नाही, हे खरे. परंतु तपासण्यांची क्रमवारी मुखोद्गत होणे, नियंत्रण कक्षाशी बोलण्याची ठराविक भाषा जिभेवर बसणे आणि तबकड्यांवरून नजर फिरविण्याची सवय लागणे, ही कामे घरी जवळजवळ फुकटात होत असताना ती इंजिन चालू ठेवून, तासाचे भाडे मोजीत करणे हा उधळेपणा होय.

दुसऱ्या पक्षाचा मुख्य आधार असा, की आजच्या सिम्युलेटरमध्ये वारा, उष्णता आणि हवेची घनता यांचे गणित बिनचूक असते. गणित आम्हांस मान्य आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला, की समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटरांवरील धावपट्टीवरही हवा एवढी विरळ होते की विमान जणू ४,५०० फुटांवर असल्यासारखे वागते. त्याची धाव लांबते, चढण मंदावते, आणि चांगला सिम्युलेटर हेही दाखवितो. जे तो दाखवीत नाही ते त्या भट्टीत बसलेल्या माणसाचे: घामाने निसटणारी पकड, तापलेल्या काळ्या रानावरून उठणाऱ्या झोतांचे हिसके, आणि त्या गडबडीतही शाबूत ठेवावी लागणारी विवेकबुद्धी.

शिवाय लहान विमान बरेचसे शरीराने उडवावे लागते. चढताना पंख्याच्या जोराने नाक डावीकडे वळू पाहते. उजव्या पायाने ते सावरले नाही तर विमान बाजूला घसरते, आणि ही घसरण ती दाखविणाऱ्या तबकडीतल्या गोळीकडे नजर जाण्याआधी बैठकीला जाणवते. जी खुर्ची हलतच नाही तिच्यावर बसून हे ज्ञान यावे कोठून? म्हणूनच केवळ संगणकावर तयार झालेला विद्यार्थी क्षितिज सोडून तबकड्यांकडे टक लावतो, आणि प्रशिक्षकाला त्या झाकून ठेवण्याची पाळी येते. घरचे विमान इंजिन सुरू करून धावपट्टीच्या तोंडाशी उभे मिळते. खऱ्या विमानाच्या टाकीतले थोडे पेट्रोल आधी पारदर्शक नळीत काढून उजेडाला धरावे लागते. रंग निळसर आहे ना? तळाशी पाण्याचा थेंब नाही ना? तो थेंब नजरेतून सुटला तर हवेत खेळ थांबविण्याची कळ नसते. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून निघालेले प्रशिक्षणाचे विमान चोपडा तालुक्यात वर्डीनजीक कोसळले, त्यात प्रशिक्षक दगावले आणि विद्यार्थिनी जखमी झाली. त्या अपघाताची कारणमीमांसा हा येथील विषय नव्हे. परंतु हे आकाश कोणत्या जातीचे आहे, याची साक्ष त्याहून वेगळी कशाला हवी?

तेव्हा आमचा सिद्धान्त असा, की घरचा सिम्युलेटर हा विमानविद्येचा सातबारा आहे. उताऱ्यावरील क्षेत्र, आकार आणि पीकपाहणी यांवाचून व्यवहार चालत नाही, पण पीक उताऱ्यात येत नाही. सिम्युलेटर चुका माफ करतो, म्हणूनच तेथे निर्धास्तपणे शिकता येते. आणि तो माफ करतो, म्हणूनच जबाबदारी तेथे शिकता येत नाही. एकाच गुणाची ही दोन फळे आहेत. त्यातले एकच पदरात घेऊन दुसरे नाकारणाऱ्यांमुळे हा वाद मिटत नाही. यास्तव पालकांनी संगणक हिसकावून घेऊ नये, आणि मुलांनीही त्याच्या जोरावर त्या २०० तासांत आणखी एका तासाचीही सवलत मागू नये.