सर्व कामे करून मिळतील

परवा नातवाने मोबाईलवर एका पाटीचा नमुना पाठवला. दुकान अजून व्हायचं आहे, पण पाटी आधी. वर ज्वाळा, मध्ये लाल गाडी, खाली यादी : रिमॅपिंग, टर्बो, एक्झॉस्ट, सस्पेन्शन, अलॉय व्हील, रॅप, सीट कव्हर, साउंड सिस्टिम. आणि सगळ्यात खाली जाड अक्षरात, "सर्व गाड्यांची सर्व कामे करून मिळतील." वर मला निरोप, "आजी, शुद्धलेखन तेवढं बघ ना."

शुद्धलेखन बरोबर होतं. माझी हरकत त्या शेवटच्या ओळीला आहे, आणि ती फोनवर कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथे लिहिते आहे.

तुम्ही म्हणाल, बाईंना गाड्यांतलं काय कळतं? खरं आहे. मला गाडी चालवताही येत नाही. ३१ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, त्यात इंजिन कुठे आलं नाही. पण संसार केला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माणसाबरोबर. आमचे हे क्रँकशाफ्टचं ग्रायंडिंग करायचे. फक्त क्रँक. बोअर करायला आलेल्याला शेजारच्या शेडमध्ये पाठवायचे, पंप-नोझलवाल्याला पलीकडच्या गल्लीत. झिजलेला क्रँक दहा थाऊ, वीस थाऊ घासायचा, मायक्रोमीटर लावायचा, बोट फिरवून बघायचं, परत मायक्रोमीटर. ट्रक खोलला की रत्नागिरी-बेळगावहून माणसं एसटीच्या टपावर क्रँक टाकून यायची. वाटेत दुकानं नव्हती का? होती की. पण तिथे क्रँकही व्हायचा, वेल्डिंगही व्हायचं आणि हंगामात नांगराचे फाळही.

आमच्या जावयांचं म्हणणं असं, की ते दिवस गेले. (जावईबापू, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. राग मानू नये.) कोल्हापुरात असले शौक करणारे किती? एकच गाडी धरून बसलास तर माशा मारत बसशील. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. सीट कव्हरवर भाडं निघेल, ट्यूनिंगवर नाव होईल. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! माझ्या लेकीने याच शहाणपणावर दागिने तारण ठेवायची तयारी केली आहे आणि माझी मुदत ठेव मोडायचीही चर्चा झाली आहे. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

ट्यूनिंगच्या दुकानात विकायला असतं तरी काय? अलॉय व्हील कुणीही मागवून देतो. सीट कव्हर स्टँडसमोरही मिळतं. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये कोष्टकं भरलेली असतात, डिझेल कधी नि किती सोडायचं, टर्बोने हवा किती दाबायची. ती बदलणं म्हणजे रिमॅप. तयार फाइल विकत आणून भरायला अर्धा तास लागतो, असं नातूच सांगतो. मग या माणसाला पैसे कशाचे? तर या इंजिनाला कुठवर ताणलं की काय तुटतं, हे त्याला आधीच ठाऊक आहे, याचे. आणि ते ठाऊक होतं एका जातीची शंभर इंजिनं खोलून. शंभर जातींचं एकेक खोलून नाही होत.

माझ्या भाच्याने हे स्वतःच्या खिशातून शिकून घेतलं. डिझेल गाडी, १.३ लिटरची. एका मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानात (नाव नको) तिची ताकद वाढवून घेतली. त्या दुकानात मोटरसायकलपासून जर्मन गाड्यांपर्यंत सगळं होतं, कॉफीसुद्धा मिळायची. आता गंमत बघा. हे इंजिन दोन ताकदींत यायचं, ७५ आणि ९० अश्वशक्तीच्या आसपास. बाहेरून भावंडंच. पण ९०वाल्याचा टर्बो वेगळा, आतल्या पात्या फिरवून वाऱ्याची वाट लहानमोठी करणारा. ७५वाल्याचा साधा. भाच्याची गाडी ७५ची. तिच्या साध्या टर्बोकडून दुकानाने दुसऱ्याचं काम मागितलं. चार महिने गाडी पळाली, भाचा खूश. पाचव्या महिन्यात आंबा घाटात निळा धूर. टर्बो गेला, तेल जळालं, सोबत माझी बहीण, रात्रीचे दहा आणि पाऊस. दुकान म्हणालं, गाडीतच दोष असणार. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि माझा राग त्याच गोष्टीवर आहे. न येणारं काम हसतमुखाने घ्यायचं आणि शिकायचं गिऱ्हाइकाच्या पैशावर, ही व्यवहारचातुरी नव्हे. शाळेत ऑफ तासाला गणित शिकवायला मला पाठवायचे तेव्हा पोरांचं जे नुकसान व्हायचं, ते मी चांगलं ओळखते. पोरांकडून निदान पैसे तरी घेत नव्हते.

या धंद्यातली मोठी माणसं कशी मोठी झाली ते नातवानेच मला एकेकाळी रंगवून सांगितलं होतं. आता तोच विसरलाय. जर्मनीत बुर्कार्ड बोवेन्झिपेन नावाचे गृहस्थ होते. वडिलांचा टाइपरायटरचा, कार्यालयातल्या यंत्रांचा कारखाना. मुलाने बीएमडब्ल्यूची १५०० ही एक गाडी धरली आणि तिच्यासाठी जोड-कार्ब्युरेटरचा एक संच केला. एक गाडी, एक वस्तू. पण इतकी नेमकी, की १९६४ मध्ये खुद्द बीएमडब्ल्यूने मान्यता दिली, हा संच बसवला तरी आमची हमी कायम. १९६५ मध्ये त्यातून अल्पिना कंपनी झाली. त्यांचं बोधचिन्ह बघितलंत का कधी? एका बाजूला कार्ब्युरेटर, दुसऱ्या बाजूला क्रँकशाफ्ट! यांना दाखवायला हवं होतं, फ्रेम करून शेडमध्ये लावलं असतं. जवळजवळ साठ वर्षं त्या घराण्याने बीएमडब्ल्यू सोडली नाही, आणि २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूनेच ते नाव विकत घेण्याचं जाहीर केलं. मधल्या काळात त्यांनी दुसरा धंदा काढला, नाही असं नाही. पण तो वाइनचा, मर्सिडीजचा नव्हे.

मर्सिडीजवरून आठवलं. जावईबापू विचारतील, एएमजीचं काय? १९६७ पासून मर्सिडीज एके मर्सिडीज करणाऱ्या त्या लोकांनी ८०च्या दशकाच्या शेवटी जपानी मित्सुबिशी गॅलंटलाही हात लावला होता की! लावला होता. आज ती गाडी हौशी संग्राहकांच्या कौतुकापुरती उरली आहे. १९९० मध्ये त्यांनी करार केला तो डाइम्लर-बेंझशीच, आणि पुढे ते त्याच घरचे झाले.

आता नातवाकडे येते. पुण्याला नऊ वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक याच १.३ डिझेलवर. मूळ फियाटचं हे इंजिन मारुतीने घेतलं, टाटाने घेतलं, फियाट स्वतः लावत होतीच. स्विफ्टमध्ये तेच, व्हिस्टात तेच, पुंटोत तेच, नावं मात्र तीन. गाड्यांच्या मासिकांतून त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. हा पोरगा नुसता आवाज ऐकून टायमिंग चेन सैल झाली की इंजेक्टर बिघडला ते सांगतो. भाच्याची गाडी शेवटी त्यानेच उभी केली. असं ज्ञान हातात असताना पाटीवर सीट कव्हर?

"पण आजी, ते इंजिन बंद झालं ना." झालं. बीएस-६ आलं आणि २०२० च्या एप्रिलपासून मारुतीने डिझेल गाड्याच सोडल्या. मग चिबातल्या इसामी अमेमियांकडे बघ म्हटलं. त्यांचं दुकान १९७४ पासून माझदाच्या रोटरी इंजिनाचं. पिस्टन नाही, आत तिकोनी फिरकी, आणि तिच्या टोकांची सीलं झिजतात म्हणून सगळं जग त्या इंजिनाला नावं ठेवतं. २००२ मध्ये आरएक्स-७ बंद, २०१२ मध्ये आरएक्स-८ बंद. तरी अमेमियांनी पाटी बदलली नाही. कंपनीने सोडलेल्या इंजिनाला जाणकार लागतो, चालू इंजिनाला शोरूम असतंच. या १.३च्या गाड्या अजून गल्लोगल्ली दिसतात, नि म्हातारपणी त्यांना डॉक्टर जास्तच लागणार. हे कायम चालेल असं नाही. दहा वर्षं चालेल, आणि तोवर पुढचं एखादं इंजिन शिकून होईल.

एक गोष्ट मात्र जावयांची बरोबर आहे, ती कबूल करते. रस्त्यावरच्या गाडीत मन मानेल तसे बदल कायद्याला चालत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात तेच बजावलं, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नको. म्हणजे ताकद वाढवायची ती रॅलीच्या, ट्रॅकच्या गाड्यांची. बाकी काम म्हणजे थकलेली गाडी पुन्हा सुरात आणणं. ट्यूनिंगचा मूळ अर्थ तरी दुसरा काय आहे? इथून तासाभरावर मिरजेत पिढ्यान् पिढ्या तंबोरे करणारी माणसं आहेत, त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही बॅन्जो का ठेवत नाही.

मी नमुना दुरुस्त करून परत पाठवला आहे. ज्वाळा काढल्या, यादी काढली, "१.३ डिझेल" एवढंच ठेवलं. दोन दिवस झाले, निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. फ्लेक्सवाला म्हणे तेवढ्याच पैशांत आणखी बारा ओळी बसवून देतो.

मुदत ठेव १८ तारखेला संपते. बँकेचा फॉर्म आणून कपाटात ठेवला आहे, सही केलेली नाही.