विस्तारणारे विश्व आणि चुकीचा मान

विश्व विस्तारत आहे, हे वाक्य आज शाळकरी मुलाच्याही तोंडी असते. दीर्घिकांचे प्रकार कोणते, असे विचारले तर लंबवर्तुळाकार, सर्पिल, दंडयुक्त सर्पिल आणि अनियमित ही नावेही तो घडाघडा सांगतो. उत्तर बरोबर असते, गुण पूर्ण मिळतात आणि विषय तेथेच संपतो. हे उत्तर हाती येण्यापूर्वी माणसे किती वेळा चुकली आणि त्या चुका कोणी व कशा दुरुस्त केल्या, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः विज्ञानाची खरी शिकवण त्या न सांगितलेल्या भागात आहे. दुरुस्तीचा इतिहास गाळून निव्वळ निष्कर्ष पाठ करून घेतले, तर हाती उरते ती पोथी. आणि पोथी विज्ञानाची असली तरी पोथीच.

आपली आकाशगंगा म्हणजेच संपूर्ण विश्व की तिच्यापलीकडेही काही आहे, याविषयी शंभर वर्षांपूर्वी खुद्द खगोलशास्त्रज्ञांत एकमत नव्हते. २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टन येथे हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांनी या प्रश्नावर आपापली बाजू मांडली. आकाशगंगा प्रचंड आहे, सूर्य तिच्या केंद्रापासून दूर आहे आणि सर्पिल तेजोमेघ हे काही स्वतंत्र विश्वे नव्हेत, असे शॅप्ली यांचे म्हणणे होते. कर्टिस यांच्या मते ते तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दूरस्थ दीर्घिका होत्या. सूर्याला मात्र ते केंद्राजवळच ठेवीत होते. आज निवाडा करायचा तर सूर्याच्या स्थानाविषयी शॅप्ली बरोबर ठरले आणि तेजोमेघांविषयी कर्टिस. दोघेही विद्वान होते, आणि दोघेही अर्धे चुकले होते.

हा वाद वक्तृत्वाने मिटला नाही. तो मोजमापाने मिटला. मोजमापाची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट यांनी दिली होती. हार्वर्डच्या वेधशाळेत छायाचित्रांच्या काचांवरील ताऱ्यांची तेजस्विता मोजून वहीत नोंदविणे, हे त्यांचे काम. धाकट्या मॅजेलन मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ताडून पाहताना त्यांना आढळले, की ज्या ताऱ्याचे तेज कमीजास्त होण्याचा काळ मोठा, तो तारा मुळात अधिक तेजस्वी असतो. १९१२ साली हा नियम प्रसिद्ध झाला. दिव्याचे मूळ तेज ठाऊक असले म्हणजे तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते; त्याच न्यायाने ताऱ्यांची अंतरे काढण्याचे साधन हाती आले.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानी तेजोमेघात असाच एक तारा सापडला. छायाचित्राच्या काचेवर त्यांनी त्या ठिपक्यापाशी प्रथम नवताऱ्याची खूण केली होती. मागील छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर त्यांनी ती खोडली आणि शेजारी तारा रूपविकारी असल्याची नोंद केली. एका दुरुस्तीने विश्वाची सीमा मागे हटली! देवयानीचे अंतर त्यांनी सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे काढले. आज ते सुमारे पंचवीस लाख मानले जाते. म्हणजे निष्कर्ष खरा होता, आकडा मात्र चुकला होता.

विस्ताराच्या बाबतीत नेमके हेच घडले. दीर्घिकांच्या प्रकाशाचा वर्णपट बहुतांशी तांबड्या बाजूला सरकलेला असतो, हे व्हेस्टो स्लायफर यांनी आधीच दाखविले होते. १९२७ साली जॉर्ज लमेत्र यांनी त्याचा अर्थ विस्तार असा लावला होता. दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती दूर जाते, हा संबंध हबल यांनी १९२९ मध्ये मांडला. दर मेगॅपार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ५०० किलोमीटर, असे ते प्रमाण होते. त्यावरून विश्वाचे वय जेमतेम दोनशे कोटी वर्षे निघे. परंतु किरणोत्सर्गाच्या आधारे पृथ्वीवरील खडक त्याहून जुने ठरू लागले. लेक आईहून वडील ठरावी, तसा हा प्रकार होता.

ही विसंगती कोणी दडपली नाही. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी आरंभच नसलेल्या विश्वाचा स्थिर स्थिती सिद्धान्त पुढे आणला, त्यामागे हेही एक कारण होते. पुढे १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी दाखवून दिले, की मोजपट्टी म्हणून वापरलेले तारे एका नव्हे तर दोन जातींचे आहेत. त्याबरोबर दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली. १९५८ मध्ये ॲलन सँडेज यांनी आणखी चुका शोधून हे प्रमाण ७५ च्या आसपास आणले. विस्तार कायम राहिला. आकडा मात्र साडेसहा पटींहून अधिक घटला.

दीर्घिकांच्या वर्गीकरणाचीही हीच कथा आहे. १९२६ साली हबल यांनी ते केले तेव्हा लंबवर्तुळाकारांना ‘आधीच्या’ आणि विस्कटलेल्या सर्पिलांना ‘नंतरच्या’ म्हटले गेले. ही विशेषणे कालवाचक समजू नयेत, असे त्यांनी बजावले होते. तरी पहिल्या प्रकारातून दुसरा उत्क्रांत होतो, अशी समजूत पसरलीच. आज उलट असे दिसते, की सर्पिल दीर्घिकांची टक्कर होऊन त्या एकमेकींत मिसळल्या, तर त्यातून लंबवर्तुळाकार दीर्घिका घडू शकते.

मराठी वाचकाला या इतिहासातील एक अध्याय घरचा वाटावा. कोल्हापुरात जन्मलेले आणि मे २०२५ मध्ये दिवंगत झालेले जयंत नारळीकर हे स्थिर स्थिती सिद्धान्ताच्या बाजूने हॉइल यांच्यासमवेत उभे राहिले. १९६५ मध्ये विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाच्या बाजूने पडला. नारळीकरांनी मात्र आपले आक्षेप सोडले नाहीत. तरीही १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक असताना त्यांनी स्वमताचा मठ उभारला नाही. विरोधी मताचे संशोधकही तेथे मोकळेपणाने काम करीत राहिले. मतभेद कसा करावा, याचा हा वस्तुपाठ त्यांच्या कोणत्याही समीकरणाइतकाच मोलाचा आहे.

यावर एक आक्षेप येईल. चुका मुलांपुढे मांडल्या तर त्यांचा विज्ञानावरील विश्वास उडेल, आणि ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही’ असे म्हणत बुवाबाजी करणाऱ्यांचे फावेल. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु ५०० चे ७५ झाले ते कोणाच्या लहरीने नव्हे. नव्या पुराव्यापुढे जुन्या आकड्याला मान तुकवावी लागली म्हणून. मताचा पालट आणि मोजमापाची दुरुस्ती यांतील हा फरक ज्याला शाळेत कळला नाही, तोच पुढे भोंदूंच्या हाती सापडतो. निव्वळ उत्तरे पाठ केलेल्या विद्यार्थ्याजवळ त्यांना उत्तर देण्याचे साधनच नसते.

आजही हिशेब पूर्ण झालेला नाही. आद्य प्रारणाच्या अभ्यासावरून हे प्रमाण सुमारे ६७ निघते, तर रूपविकारी तारे आणि अतिदीप्त ताऱ्यांचे स्फोट यांवरून सुमारे ७३. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतरही हा वाद मिटलेला नाही. मोजण्यात कोठे चूक आहे की भौतिकशास्त्रातच काही उणे आहे, हे पुढील पिढीला ठरवायचे आहे. ती पिढी आज आपल्या वर्गांत बसली आहे.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. फळ्यावर आजचा आकडा लिहिताना शेजारी ५०० हा आकडाही लिहावा, आणि तो का चुकला असेल, हे मुलांना विचारावे. कचेरीतील साध्या कारकुनालाही ठाऊक असते, की नोंदवहीतील चुकीचा आकडा खरवडून काढायचा नसतो. तो वाचता येईल अशी एक रेघ ओढून शेजारी योग्य आकडा लिहायचा आणि सही करायची असते. विश्वाचा हिशेब शास्त्रज्ञांनी असाच ठेवला आहे. आपली पाठ्यपुस्तके तेवढी त्यातील खोडलेले आकडे पुसून टाकतात.