काडीमोड आणि आपण पंच



परवा तालुक्याच्या कोर्टात मी माझीच सही पाहिली. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर. खाली पाच पंच, पाचवा मी.

नऊ वर्षं झाली. वस्तीतल्या समाजमंदिरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सतरंजी टाकून आम्ही एका पोरीचा ‘निकाल’ लावला. माझं अक्षर चांगलं, म्हणून मजकूर मीच लिहिला. राजीखुशीने फारकत घेत आहोत. भांडी व रोख पाच हजार पोचले. मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे. यापुढे पोटगीबाबत माझी कसलीही तक्रार नाही. तिला वाचता येत होतं. पण वाचायला कागद दिला कुणी? इथं कर म्हटलं, तिनं केली. मग चहा आला.

आता ती पोटगीसाठी उभी आहे आन नवऱ्याचा वकील माझं ते सुंदर अक्षर नाचवतोय. साहेब, दोघं संमतीनं वेगळे राहतात, पोटगी कसली? कायद्यात ती पळवाट आहेच. परस्परसंमतीनं वेगळं राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही. ती वाट आम्ही पाच शहाण्यांनी त्याला आयती बांधून दिली.

१९५६ साली आपल्या बापजाद्यांनी देव विहिरीत टाकले. पोतराज बंद, मेलेलं ढोर ओढणं बंद. जुन्याशी संबंध तोडला म्हणून आपण छाती ठोकून सांगतो. मग बायको टाकायची वेळ आली की जातीची रूढी कुठून आठवते रे?

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. नाव हिंदू, पण लागू बौद्धांनाही. आपला वेगळा विवाह कायदा हवा ही मागणी रास्तच, पण तो येईस्तोवर हाच आहे. त्याच्या २९ व्या कलमात रूढीनं झालेली फारकत राखून ठेवलीय. आपले पंच त्या फटीतून घुसतात. पण ती रूढी जुनी आहे, अखंड चालत आलीय हे कोर्टात पुराव्यानं दाखवावं लागतं. म्हणजे काय, ध्यानात येतंय का? बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लिहिलेली फारकत टिकवायची तर शपथेवर सांगायचं की आम्ही अजून जुन्या जातीच्याच चालीनं चालतो! आहे हिंमत? आन नाही दाखवता आलं तर पहिलं लग्न जसंच्या तसं. कागदाच्या जोरावर केलेली दुसरी कायद्यानं बायकोच नाही. एका कागदात दोन बाया बुडाल्या.

म्हाताऱ्या म्हणतील, पोरा, काडीमोड वाईट नव्हती. बरोबर आहे. काडी मोडली की बाई मोकळी, पाट लावून पुन्हा संसार. वरच्या जातीच्या बाईला ही वाट नव्हती. माझ्या आजीनं पहिला दारुडा असाच सोडला. पण तेव्हा दोघंही रोजानं खुरपायला जायचे. तो कफल्लक, ही कफल्लक, मागणार काय? आज तो पगारी, पीएफवाला, आन ही चार घरची भांडी घासते. काडी दोघांची होती. स्टॅम्पपेपर त्याच्या एकट्याच्या खिशातून येतो.

हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. कारणं आणखी होती, हे मोठं. त्या बिलात बाईला घटस्फोट होता, पोटगी होती. दर ८ मार्चला आपण त्याचं पोस्टर लावतो. त्याच भिंतीखाली हा कागद लिहिला.

आणि पोरं? मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. पालकत्वाचा कायदा १९५६ चा, तो म्हणतो पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे. आम्ही ते चहा येईपर्यंत देऊन टाकलं, वंशाचा दिवा म्हणून! (वंश! हा शब्द आमच्या तोंडात कुणी घातला?) मुलगी आता दहावी झाली. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तोही बापाच्या घरचा. बाप म्हणतो, केस मागं घ्या, मग पणजोबाचा शाळेचा दाखला देतो. आईच्या पोटगीला लेकीचं कॉलेज तारण!

तर कार्यकर्त्यांनो, एवढं पाठ करा. पोटगी लिहून सोडता येत नाही, कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. पोराची पोटगी पोराची, आईच्या सहीनं ती बुडत नाही. पूर्वी कलम १२५, जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं १४४. पाचशे रुपयांची मर्यादा २००१ साली गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अर्जाच्या तारखेपासून पोटगी द्यायला सांगितलं, दोघांनी मिळकत शपथेवर लिहून द्यायची असंही सांगितलं. थकली तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका, नाहीतर तो महिना गेला. वकील फुकट मिळतो. १९८७ च्या कायद्यानं कुठल्याही बाईला, मिळकत न विचारता. हे आम्हाला नऊ वर्षांपूर्वीही माहीत असायला हरकत नव्हती.

पुढच्या महिन्यात माझी साक्ष. नवऱ्याच्या बाजूनं बोलावलंय. मी सांगणार, तिला वाचायला दिलं नव्हतं. बाकी चौघांतले दोघं आज पदाधिकारी. निरोप आलाय, समाजाची बदनामी करू नको. ती पोरगी समाजात मोडत न्हाई वाटतं!

अशा कागदांवर तुमच्याही सह्या असतील. तारखेला या. सकाळी अकरा, कोर्टाच्या आवारात. ती एकटीच बसलेली असते.