सेवेच्या घरातला सासुरवास

पुनावळे, रावेत, ताथवडे ही एकेकाळची शेतीची गावे आज उंच इमारतींनी वेढली आहेत. पिंपरी-चाकणच्या कारखानदारीबरोबर येथे रुग्णालयेही वाढली आणि गावाकडच्या मुली परिचारिका म्हणून येऊ लागल्या. रुग्णाच्या नातेवाइकांचा संताप सोसण्याची त्यांची तयारी असते. परंतु पुष्कळदा घाव बसतो तो आपल्याच गणवेशातील ज्येष्ठ भगिनीकडून! सर्वांदेखत पाणउतारा, मुद्दाम लावलेल्या रात्रपाळ्या, पाळी बदलताना दिलेली अर्धवट माहिती.

‘आम्हीही सोसले’ हे त्याचे ठरलेले समर्थन. सासुरवासाचे समर्थनही याच शब्दांत होत असे. परिचारिका आपल्याच पिलांना खातात काय, हा प्रश्न अमेरिकेतील ज्युडिथ माइस्नर यांनी १९८६ सालीच विचारला होता. अपुरे मनुष्यबळ आणि वरून येणारा दबाव ही त्याची कारणे असतीलही. पण कारण सापडले म्हणून अपराध क्षम्य ठरत नाही.

मुंबईच्या नायर रुग्णालयात २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीने जीवन संपविले. ज्येष्ठ सहकारी डॉक्टरांवर छळाचा आरोप झाला. पायल विद्यार्थिनी होती. तिच्यासाठी १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा तरी होता. नोकरीतल्या परिचारिकेचे काय? २०१० चा राज्याचा कायदा रुग्णालयांतील मारहाण-तोडफोडीसाठी, २०१३ चा केंद्राचा कायदा लैंगिक छळापुरता. रोजच्या मानहानीला यांपैकी एकातही नेमके उत्तर नाही.

म्हणून उपाय रुग्णालयातच उभा राहिला पाहिजे. पीडितेने तारीख, वेळ व साक्षीदार नोंदवावेत, शांत शब्दांत तेथेच आक्षेप घ्यावा, अधिसेविकेकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. पाहणाऱ्यांनी मान खाली घालू नये. एकटी पडलेली मुलगीच छळाचे सोपे लक्ष्य ठरते. व्यवस्थापनानेही हे ‘बायकांचे भांडण’ म्हणून झटकू नये. धास्तावलेली परिचारिका औषधाच्या मात्रेविषयी शंका विचारत नाही आणि त्याची किंमत खाटेवरचा रुग्ण मोजतो.

कुटुंबांचेही कर्तव्य आहे. शेजारी राहणाऱ्या अशा मुलीची विचारपूस करावी. आपल्या घरात ज्येष्ठ परिचारिका असेल, तर नव्या मुलींशी ती कशी वागते, हेही तिला विचारावे. सोसलेले पुढच्या पिढीला सव्याज परत करणे ही परंपरा नव्हे. ती आपल्यापाशीच थांबविणे हा खरा संस्कार होय.